सगळ्या घरांची गाणी एका वर्गात कशी शिकवायची

आमच्या शाळेत कित्येक वर्षं परिपाठाला तीच चार गाणी होती. मुलं ती झोपेतही म्हणतील इतकी पाठ, आणि चेहरे तसेच झोपेतले. शाळा दोन शिक्षकी, पट चाळीसच्या आसपास, गाव यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडचं. गावठाणातली शेतकऱ्यांची मुलं, पलीकडच्या तांड्यावरची बंजारा मुलं, टेकडीखालच्या पोडावरची (कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची) मुलं, बौद्ध वस्तीतली, आणि चार-पाच मुस्लीम घरांतली. एवढी घरं, एवढ्या बोली, आणि वर्गात गाणं मात्र पाठ्यपुस्तकाच्या भाषेतलं.

संगीत शिक्षक मिळेल याची वाट पाहू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलेसाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीला, आणि तेही पट शंभरावर असेल तर. पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणजे जे काही करायचं ते आपणच. मला पेटी वाजवता येत नाही, रागांची नावं चार-दोनच येतात. तरीही गेली काही वर्षं हे काम वर्गात उभं राहिलंय. त्यात काय जमलं आणि कुठे चुकलं, ते आता सांगते.

आधी वही काढा

शाळा आपल्याकडे जूनच्या अखेरीस भरते. पहिल्या पंधरवड्यात गाणं शिकवू नका, फक्त विचारा. शंभर पानी वही घ्या, प्रत्येक घराला एक पान. मुलांना विचारायचा प्रश्न एकच: घरी कोण गातं, आणि केव्हा? "तुमच्या समाजाचं गाणं म्हणून दाखव" असं चुकूनही म्हणू नका. त्या एका वाक्याने सात वर्षांचं लेकरू अख्ख्या जमातीचं प्रतिनिधी होऊन बसतं. कोण गातं असं विचारलं की मूल आजीबद्दल बोलतं, मामाबद्दल बोलतं, आणि मोकळं बोलतं.

माझ्या वहीत पहिल्याच वर्षी काय काय आलं! निंदणाला बाया गातात. एकीची आजी पहाटे ओव्या म्हणते, घरात आता जातं नाही तरी म्हणते. तांड्यावर होळीच्या आधी महिनाभर रात्री लेंगी (होळीची गाणी) चालते. पोडावर दिवाळीत दंडार (नाचगाण्याचा खेळ) निघते आणि ढेमसा हा फेराचा नाच नाचतात. एका मुलाचे वडील गुरुदेव सेवा मंडळात खंजिरी वाजवतात. एकाची मोठी बहीण १४ एप्रिलला स्टेजवर भीमगीतं गाते. एक मुलगी म्हणाली, "आमच्या घरी कोणीच नाही गात." दोन दिवसांनी तीच सांगत आली की तिची अम्मी धाकट्याला झोपवताना काहीतरी गुणगुणते, पण ते गाणं आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

तुमचा जिल्हा वेगळा असेल तर वही वेगळी भरेल. मेळघाटात कोरकू फाग आणि बासरी सापडेल. गडचिरोलीत माडिया-गोंडांची रेला गाणी सापडतील, सिरोंच्याकडे तेलुगू आणि मुलचेऱ्याकडे बंगाली घरं सापडतील. भंडारा-गोंदियात दिवाळीनंतरची मंडई, खडी गंमत आणि पोवारी बोलीतली लग्नाची गाणी. वर्गात कोणती मुलं आहेत त्यावर गाणी ठरवा. नकाशात दूर कुठेतरी असलेल्या देशांची गाणी पुढे कधीतरी घेता येतील, आधी खिडकीतून दिसणारा तांडा.

मग दारात जाऊन विचारा

गाणं मुलाकडून उचलून थेट फळ्यावर आणू नका. ते ज्यांच्या तोंडी आहे त्यांच्या दारात जा. मी संध्याकाळी जाते, शेतातून आल्यावर, चहाच्या वेळी. तीन गोष्टी विचारते. हे गाणं कोण गातं? कधी गायचं नसतं? आणि शाळेतल्या सगळ्या मुलांनी गायलं तर चालेल का?

मधला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, हे मला पोडावर कळलं. एका म्हाताऱ्या आईंनी सुंदर गाणं म्हटलं. मी हरखून म्हणाले, हेच शिकवते. त्या थांबल्या. म्हणाल्या, "हे मरणाच्या वक्ताचं हाय, बाई. लेकरायले हे कायले शिकवता?" मग त्यांनीच दुसरं दिलं, पाखरांचं, लहान लहान ओळींचं. मी न विचारता पहिलंच उचललं असतं तर पोडावरच्या एकाही घरी मला तोंड दाखवता आलं नसतं.

मोबाइलवर रेकॉर्ड करायचं तर आधी परवानगी घ्या, आणि ते रेकॉर्डिंग वर्गापुरतंच ठेवा. स्टेटसला नको, ग्रुपवर नको. गाणं देणाऱ्याला ते परत ऐकवा. बायांना स्वतःचा आवाज ऐकायला फार आवडतं, आणि त्या वेळी दोन चुका त्याच दुरुस्त करून देतात.

देवाधर्माचा प्रश्न इथेच येतो, त्याला बगल देऊ नये. संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचं शिक्षण देता येत नाही. म्हणून मी गाणं आणि उपासना यांत फरक ठेवते. गावात डहाका का वाजते, वासुदेव चिपळ्या का वाजवतो, ताजुद्दीन बाबांच्या उरुसात कव्वाली कशी बसते, हे मुलांनी ऐकावं, त्यावर बोलावं. पण आरती किंवा नात (पैगंबरांच्या स्तुतीचं गाणं) सगळ्यांकडून हात जोडून म्हणवून घेणं हे माझं काम नाही. सगळ्यांनी गायला मी पाखरांची, पेरणीची, पावसाची, अंगाईची, खेळाची गाणी निवडते, आणि ती खूप आहेत. एखाद्या पालकाने नको म्हटलं तर त्या मुलाला त्या वेळी टाळाचं काम द्या, कारण विचारत बसू नका.

शब्दही तपासा. मुली फेर धरून म्हणतात त्या भुलाबाईच्या गाण्यांत सासरचा छळ येतो, लेंगीत आणि फागात थट्टा पार टोकाला जाते, काही जुन्या गाण्यांत जातीवरून टोमणे असतात. मी शब्द गुपचूप बदलत नाही. त्याच आजीला विचारते, लेकरांना चालेल असं कडवं कोणतं? त्यांच्याकडे ते असतंच. भुलाबाईचं गाणं मात्र चौथीला मी सासरच्या ओळींसकट घेतलं, आणि नंतर अर्धा तास बोललो. एका मुलाने विचारलं, "मॅडम, भुलोजी काऊन काही बोलत नाही?" भुलोजी म्हणजे भुलाबाईचा नवरा. हा प्रश्न मी वर्गात आणला असता तर त्याला एवढी धार आली नसती.

वर्गात गाणं कसं उतरवायचं

पहिल्या दिवशी फक्त ऐकायचं, तीन वेळा. पहिल्यांदा नुसतं. दुसऱ्यांदा डोळे मिटून, परत परत येणारी ओळ आली की बोट वर करायचं. तिसऱ्यांदा पायाने ठेका धरायचा. अर्थ सांगायची घाई करू नका. मुलांना ध्रुपद, म्हणजे ती परत येणारी ओळ, आधी सापडतं, अर्थ मागून येतो.

दुसऱ्या दिवशी ध्रुपद मुलांचं, कडवं माझं. आपल्याकडच्या बहुतेक गाण्यांत ही सोय आधीपासून आहे: एक म्हणतो, बाकीचे झेलतात. पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या (पोळ्याची चटकदार कडवी) म्हणतात तेव्हा शेवटच्या "हर बोला हर हर महादेव"ला सगळं गाव ओरडतं. गाडगे महाराज (१८७६–१९५६) कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांकडून घेत, तीही हीच रीत. झेलण्यात कोणी मागे पडत नाही. पहिलीतलं मूलही झेलतं, वाचता न येणारंही झेलतं. चार इयत्ता एका खोलीत बसवणाऱ्या शिक्षकाला याहून सोपी वाट मला माहीत नाही.

तिसऱ्या दिवसापासून कडवं, एकेक ओळ. रोज पंधरा मिनिटं पुरतात. आठवड्यातून एकदा तासभर घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आता दोन गोष्टी, ज्या मला कोणी सांगितल्या नव्हत्या.

एक, पट्टी, म्हणजे गाणं कोणत्या सुरात धरायचं ते. आपण मोठी माणसं खालच्या आवाजात गातो आणि मुलं आपल्या मागे खाली उतरतात. मग आवाज घोगरा होतो आणि आपण म्हणतो, याला सूर नाही. सहा ते दहा वर्षांच्या मुलांचा गळा पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून वरच्या पाच-सहा सुरांत आरामात फिरतो. पेटी नसेल तर मोबाइलवर तानपुऱ्याचं फुकट अॅप मिळतं, त्यावर सूर लावा. तेही नसेल तर मुलींपैकी जिचा आवाज मोकळा आहे तिला सुरुवात करू द्या आणि आपण तिच्या मागे जा. पुरुष शिक्षकांनी तर हे करावंच. आणि "मोठ्याने" हा शब्द विसरा. मोठ्याने म्हटलं की मुलं ओरडतात. "त्या निंबापर्यंत ऐकू जाऊ दे" म्हटलं की गातात.

दुसरी गोष्ट, उच्चार. कोलामी आणि गोंडी या तेलुगूच्या कुळातल्या भाषा, कोरकूचं कूळ तर आणखीच वेगळं, मुंडा भाषांचं. त्यांचे सगळे स्वर आपल्या लिपीत नीट बसत नाहीत. म्हणून फळ्यावर लिहून मग वाचून शिकवू नका, कानाने शिकवा, लिहिणं शेवटी. त्या बोलीतलं मूल वर्गात असेल आणि त्याची तयारी असेल तर उच्चार बरोबर की चूक हे त्याला ठरवू द्या. आमच्याकडे तिसरीतली एक मुलगी वर्षभर तोंड उघडत नव्हती. पाखरांच्या गाण्याच्या वेळी मी एक शब्द तिसऱ्यांदा चुकले, तेव्हा तिने मागच्या ओळीतून तो बरोबर म्हटला. मी म्हणाले, पुन्हा सांग. तिने सांगितला, मी म्हटला, ती मान हलवून "नाही" म्हणाली. पाच वेळा. सहाव्यांदा हसली. त्यानंतर ती मराठीच्या तासालाही बोलायला लागली.

ठेका धरायला पिकांची नावं घ्या. तीन टोळ्या करा. मी काठीने एकसारखे ठोके देते. पहिली टोळी प्रत्येक ठोक्याला म्हणते "तूर". दुसरी त्याच एका ठोक्यात "ज्वारी" म्हणते, दोन तुकडे. तिसरी त्याच ठोक्यात "पऱ्हाटी" (कपाशी), तीन तुकडे. आधी वेगवेगळं, मग तिन्ही एकदम. म्हणजे बरोबरीची लय, दुगुन आणि तिगुन तिन्ही झाल्या, आणि मुलांना वाटतं आपण शेतात खेळतोय. हे जमलं की सहा मात्रांचा दादरा आणि आठ मात्रांचा केरवा टाळ्यांवर घ्यायला सोपं जातं. फक्त प्रत्येक लोकगीत ओढूनताणून केरव्यात बसवू नका. पोडावरच्या ढोलाची चाल जशी आहे तशीच ऐकून घ्या, थोडी लंगडत वाटली तरी. ती लंगडत नसते, आपल्या कानाला सवय नसते.

डफडं कोणाच्या हातात द्यायचं

इथे मी वाईट चुकले होते. चौथीतला एक मुलगा, वडील आणि काका लग्नात डफडं वाजवतात. स्नेहसंमेलनाच्या तयारीत मी भर वर्गात म्हणाले, "तुझ्या घरी तर वाजवतातच, तू घे." त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. "मले नाही येत, मॅडम." दुसऱ्या दिवशी तो आला नाही, पुढचे तीन दिवसही नाही. मग त्याचे वडील आले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "त्याले शिकाले शायेत धाडलं म्या. डफडं त घरी हायेच."

ते वाद्य वाजवणं हे पिढ्यान्‌पिढ्या काही जातींवर लादलेलं काम होतं. बाबासाहेबांच्या चळवळीत हजारो घरांनी असली गावकीची कामं ठरवून सोडली. म्हणून एखाद्या घरातल्या आजोबांना नातवाच्या हातात डफडं नको असेल तर त्या नकाराला इतिहास आहे आणि आपण तो मानायचा. जिथे घर अजून वाजवतं तिथे मुलाच्या मनात काय चाललंय हे आपल्याला बाहेरून कळत नाही. दोन्ही वेळा एकच नियम पाळा: वाद्य कधीही घराणं बघून देऊ नका. आमच्याकडे आता हजेरी क्रमांकाने पाळी लागते. डफ, खंजिरी, टाळ, ढोलकी, सगळं सगळ्यांकडे फिरतं, मुलींकडेही. कोणाला नको असेल तर तो पुढचं वाद्य घेतो, का ते सांगावं लागत नाही.

पुढच्या वर्षी मी त्या वडिलांकडे स्वतः गेले आणि शिकवायला बोलावलं. खुर्ची दिली, शाळेच्या खर्चातून जमेल तेवढं मानधन दिलं, आणि मुलांना ओळख करून दिली ती वादक म्हणून. त्यांनी अंगणात तुराट्यांचा जाळ केला आणि डफडं शेकायला धरलं. दर थोड्या वेळाने बोटाने टिचकी मारून ऐकत. आधी आवाज ओला, बसका. मग हळूहळू वर चढत गेला, आणि एका टिचकीला खणकन वाजला. चाळीस मुलं श्वास रोखून बघत होती. चामडं तापल्यावर ताणतं आणि आवाज चढतो, हा विज्ञानाचा धडा तिथेच झाला. मग त्यांनी एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात लांब पातळ काडी धरून दोघांची कामं वेगळी कशी ते दाखवलं. त्या दिवशी त्यांच्या मुलाने डफड्याला हात लावला नाही. तो जाळापाशी तुराट्या सारत बसला होता, आणि बाकीच्यांना सांगत होता, "अजून नाही तापलं, थांबा."

खंजिरीसाठी फार शोधावं लागत नाही. तुकडोजी महाराजांचा (१९०९–१९६८) जन्म अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा, आश्रम मोझरीला, आणि त्यांची खंजिरी विदर्भात गावोगावच्या भजनी मंडळांत अजून वाजते. मंडळातल्या एका आजोबांना आठवड्यातून अर्धा तास मागा, ते आनंदाने येतात.

बाकी वाद्यं घरची. गुलमोहराच्या वाळलेल्या शेंगा, बाटलीत मूठभर तूर, उपडा गंज (पातेलं), पाणी कमी-जास्त भरलेले गुंड (घागरी), तेलाचा पिपा. पिप्याच्या पत्र्याची कड हातोडीने आत वळवून घ्या, हात कापतो.

ज्या मुलांना वेगळी सोय लागते

कमी ऐकू येणाऱ्या मुलाला गाण्याच्या तासाला बाहेर खेळायला पाठवतात, हे मी पाहिलंय. त्याला ढोलकीशेजारी बसवा आणि तळहात खोडावर ठेवू द्या. उपड्या पिप्यावर बसवलं तर ठोका अंगातून कळतो. आमच्याकडचा असा एक मुलगा ठेका इतका पक्का धरतो की बाकीचे त्याच्या हाताकडे बघून चालतात.

अडखळत बोलणारी बरीच मुलं गाताना अडखळत नाहीत. त्यांना कडवं द्या, पण "बघा, गाताना कसा छान बोलतो" असं सगळ्यांसमोर म्हणू नका. दृष्टी नसलेल्या मुलीला गाणं येणारच असं धरून चालू नका, तिला नाचायचं असेल. गोंगाट सहन न होणाऱ्या मुलाला दाराजवळची जागा द्या, वाद्यं सुरू होण्याआधी सांगा, आणि बाहेर जाऊन परत यायची मोकळीक ठेवा. फेर धरायचा असेल आणि एखादं मूल चाकाच्या खुर्चीत असेल तर आधी जमीन सपाट करा आणि फेराची गती त्याच्या चाकावर ठरवा. गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विषयतज्ज्ञ असतात. त्यांना नुसती तपासणी करायला न बोलावता या तासाला बोलवा.

वर्षाचं गणित

वेळापत्रक पिकाच्या आणि सणाच्या मागे लावा, गाणी आपोआप तोंडावर असतात. जुलैत पेरणी आणि पाऊस. श्रावण अमावस्येला पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तेव्हा झडत्या. मुलांना लाकडी नंदी आणायला सांगा आणि शाळेवर, पावसावर नव्या झडत्या रचायला लावा. भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भुलाबाई, मुलगेही फेरात घ्या आणि खिरापत ओळखायचा खेळ सगळ्यांनी खेळा. दिवाळीनंतर दंडार आणि ढेमसा. त्याच सुमारास कापूस वेचायला आणि पुढे ऊसतोडीला, वीटभट्टीला घरं निघतात, तेव्हा जाणाऱ्या मुलाचं गाणं तो जायच्या आधी घ्या. तो परत येईल तेव्हा वर्ग त्याचं गाणं म्हणत असला पाहिजे. होळीआधी लेंगी, तांड्यावरच्या नायकांना विचारून. एप्रिलमध्ये भीमगीतं, आणि ती एकाच वस्तीची म्हणून बाजूला न ठेवता सगळ्या वर्गाने.

स्नेहसंमेलनाबद्दल माझं मत पक्कं आहे. अंगाला पानं बांधून, तोंडाला काळं-पांढरं फासून, सिनेमाच्या गाण्यावर "आदिवासी नृत्य" बसवू नका. समोर बसलेल्या पोडावरच्या माणसांना ते कसं दिसत असेल याचा विचार करा. त्यांच्यापैकीच कोणाला नाच बसवायला बोलवा, फेर कोणत्या बाजूने फिरतो, हात कुठे धरतात हे ते सांगतील. कपडे घरचे, नेहमीचे. निवेदनात गाणं कोणी दिलं त्यांचं नाव आधी घ्या आणि त्यांना पहिल्या रांगेत बसवा.

वर्णनात्मक नोंदीत "गायनाची आवड आहे" एवढंच लिहून पान भरू नका. मी लिहिते: ध्रुपद वेळेवर झेलतो. दुगुन स्वतंत्रपणे धरते. दुसऱ्याच्या बोलीतलं गाणं उच्चार विचारून म्हणतो. सूर लागला की नाही ही नोंद मी तिसरीपर्यंत करतच नाही, तोवर गळा तयार व्हायचा असतो.

आणि ती शंभर पानी वही घरी नेऊ नका. कोणत्या दारात कोणतं गाणं आहे, कोणतं केव्हा गायचं नाही, कोणी कशाला नकार दिला, हे सगळं लिहून ती शाळेच्या कपाटात, हजेरीपुस्तकाशेजारी ठेवा. तुमची बदली झाली की नवीन येणाऱ्या मॅडमला किंवा सरांना किल्लीबरोबर तीही द्या, आणि जमलं तर एका संध्याकाळी त्यांना सोबत घेऊन पोडावर आणि तांड्यावर एक चक्कर मारून या.